टेम्पो सुटायच्या आत

वारजे, पुणे
६ मार्च २०१७

चि. मैत्री हिस,
सप्रेम जयभीम.

विषय : 'छत्री कारखाना' या संगणकीय खेळाबाबत अभिप्राय.
संदर्भ : घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील आपला मागील रविवारचा संदेश, "प्लीज खेळून फीडबॅक द्या ना."

उपरोक्त संदेशास ग्रुपवरील समस्त नातेवाइकांनी अंगठे दाखवले आहेत, याची नोंद घेतली. त्यांपैकी एकानेही खेळ उघडून पाहिला नसावा, असा माझा दाट संशय आहे. तुझ्या वडिलांनी तर दोन अंगठे आणि वर एक गुलाब पाठवला. त्यांचा चुलतभाऊ म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे, म्हणून विचारतो, त्या गुलाबाचे तू काय करणार?

आमच्याकडे मात्र खेळ उघडला गेला आणि आठवडाभर रोज चालू आहे. मी सारी नोकरी सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढण्यात घालवली. तेच काम आता फुकट करायला माझी हरकत नाही.

कल्पना चांगली आहे. रिकाम्या जमिनीवर पट्टे टाकायचे, त्यांवरून दांडे, काड्या आणि कापड न्यायचे, यंत्रे योग्य त्या बाजूला तोंड करून बसवायची आणि तयार छत्र्या दारातल्या टेम्पोत भरायच्या. शनिवार-रविवारात दोघांनी मिळून हे उभे केले, याचे कौतुक वाटले. कौतुक येथे संपले.

'फिरवा' आणि 'काढा' ही दोन बटणे मुंगीएवढी आहेत आणि एकमेकांना चिकटून आहेत. यंत्र फिरवायला जावे तर ते नाहीसेच होते. हा कारखाना आहे की जादूचे प्रयोग? यंत्र उचलून नेताना बोट जरा सैल पडले की ते वाटेतच गळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण खरी तक्रार पाचव्या पातळीची आहे. पहिल्या चार पातळ्यांना वेळेचे बंधन नाही. पाचवीत एकदम टेम्पोवाला सहा मिनिटांत भोंगा वाजवून चालता होतो. एवढी कसली घाई? मार्केट यार्डातला टेम्पोवालासुद्धा मालासाठी थांबतो, वर आपल्याकडूनच चहा उकळतो. सबब टेम्पो थांबवून धरण्याची तजवीज व्हावी, ही आग्रहाची सूचना.

इकडे सर्व कुशल. काकूचे आशीर्वाद.

तुझा,
सीताराम काका

खराडी
८ मार्च

ती. सीताराम काका,
सप्रेम जयभीम.

तुमचा मेल मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. साई तर खुर्चीतून पडायचा बाकी होता. साई म्हणजे माझ्या टीममधला मित्र, गेममधली चित्रं आणि आवाज त्याचे, बाकी सगळं माझं. काका, शेकड्याने लोकांनी गेम खेळलाय आणि कमेंट काय, तर "नाइस गेम ब्रो". मी ब्रो नाही आणि नाइस म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. तुम्ही पहिले, ज्यांनी खरंच काहीतरी सांगितलं. मनापासून थँक्यू.

पण टेम्पो थांबणार नाही.

का ते सांगते. हा 'गेम जॅम' नावाच्या स्पर्धेसाठी केलेला गेम आहे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एक विषय देतात आणि रविवारी रात्रीपर्यंत त्यावर गेम बनवून द्यायचा. आमचा विषय होता 'उशीर'. मग महिनाभर लोक खेळून मतं देतात, तोपर्यंत आपल्याला दुरुस्त्या करता येतात. आता विषयच उशीर, आणि टेम्पो थांबून राहिला तर उरलं काय? घाईत माणूस चुकतो, चिडतो, पुन्हा मांडतो आणि मग एकदा असं जमून येतं की टुणकन उडी मारावीशी वाटते. माझी सगळी मेहनत त्या उडीसाठी आहे. दिवसभर मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. (रक्तातच असणार आपल्या.) हे पहिलं काहीतरी आहे जे माझं स्वतःचं आहे, आणि ते मी कोणासाठीही पातळ करणार नाही. रागावू नका.

बटणांबद्दल अजून कोणाचीच तक्रार नाही हो. चष्म्याचा नंबर तपासून घेतलात का एवढ्यात?

येत्या रविवारी येऊ का वारज्याला? काकूच्या हातची मासवडी खाऊन वर्ष झालं. तुमच्यासमोर बसून पाचवी पातळी करून दाखवते, मग बोला.

तुमची,
मैत्री

वारजे
११ मार्च

चि. मैत्री,

येऊ नकोस. आणि माझ्या चष्म्याचा नंबर ठीक आहे. खेळणारा मी नाही, तुझी काकू आहे.

जानेवारीत तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, बोलणं संथ पण स्वच्छ आलं, उजवा हात मात्र अजून तिचं ऐकत नाही. 'सर्व कुशल' असं मी लिहिलं ते खोटं होतं. कोणालाच कळवलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. कारण तिचीच तशी ताकीद आहे.

पेशंट बघायला येणारी माणसं तू अजून पाहिली नाहीस. आम्ही दवाखान्यातून आलो आणि सोसायटीतल्या लोकांची रांग लागली. येतात, पलंगाशी बसतात आणि तिच्यादेखत मला विचारतात, "आता काय म्हणतात डॉक्टर?" ती बाई समोर टक्क जागी आहे, तिला विचारा की! मग च्च च्च करायचं, चहा प्यायचा आणि जाताना आपल्या कोणत्या तरी मावससासूचं अशाच दुखण्यात कसं आटपलं ते सविस्तर सांगायचं. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, "माझ्या माणसांपैकी एकाला जरी कळवलंत तर बघा." म्हणून गप्प होतो.

व्यायाम द्यायला पूर्वा नावाची फिजिओथेरपीची मुलगी येते. ती म्हणाली, माऊस हातात द्या, बोटं चालतील. लॅपटॉपवरचे पत्ते दोन दिवसांत तिच्या डोक्यात गेले. तेवढ्यात तुझा संदेश आला. तुला माहीत असेल-नसेल, काकू हडपसरला रेडिओच्या फॅक्टरीत बावीस वर्षं पट्ट्यावर होती. बाहेरचा माल यायला लागला आणि फॅक्टरी बंद झाली, तोपर्यंत. स्क्रीनवर पट्टा चालू झाला आणि ही खुर्चीत ताठ बसली. डावा हात मध्ये लुडबुड करतो म्हणून तो मांडीखाली दाबून ठेवते आणि सगळं उजव्याने. चार पातळ्या तिने तशाच केल्या.

पाचवीत टेम्पो निघून जातो. ती पुन्हा सुरू करते. पुन्हा जातो. काल तिने माऊस बाजूला सरकवला आणि म्हणाली, "माझा आता काही उपयोग नाही." मैत्री, लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, असलं वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा एक काम कर. सगळ्यांच्या खेळात टेम्पो खुशाल पळू दे. आमच्या घरापुरतं घड्याळ हळू कर. दिसायला सहा मिनिटंच दिसली पाहिजेत, तिला कळता कामा नये. हे नियमबाह्य आहे, मला ठाऊक आहे. नोकरीत कधी नियमबाह्य सही केली नाही. ही करायची आहे.

सीताराम काका

खराडी
१२ मार्च

काका,

चष्म्याचं मी जे बोलले ते परत घेते. फार वाईट वाटतंय. आणि मासवडीचं तर वाचून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मी येत नाही, बाबांनाही सांगत नाही. पण काकूंनी चार पातळ्या मांडीखाली हात दाबून केल्या, हे वाचून मी टेबलावर डोकं ठेवून रडले. साई विचारत बसला काय झालं, काय झालं.

सोबत नवीन फाइल पाठवतेय. जुनी काढून टाका, हिच्यावर दोनदा क्लिक करा, बाकी सगळं सारखंच दिसेल. यात घड्याळाचा एक सेकंद आपल्या दोन सेकंदांएवढा लांब आहे. काकूंना कळणार नाही. प्रत्येक डाव कसा झाला त्याची नोंद गेम आपोआप ठेवतो, तीही फाइल जमलं तर मला मेल करा, म्हणजे हात कुठे अडतो ते मला दिसेल.

बटणांचं मात्र मी सगळ्यांसाठीच बदललं. मोठी केली आणि लांब केली. यंत्र आता ओढत न्यायचं नाही, एकदा क्लिक केलं की उचललं, दुसऱ्यांदा केलं की ठेवलं. मध्ये बोट सैल पडलं तरी ते हातातच राहतं. साई म्हणाला, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. खरं आहे. तुमचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं आणि मी तुम्हाला चष्मा सांगत होते.

घड्याळाचं थोडं खटकतंय मनाला, खोटं नाही बोलत. पण काकूंपुढे नियम गेला खड्ड्यात.

मैत्री

वारजे
१७ मार्च

चि. मैत्री,

झालं! अगं झालं!

आज सकाळी, पोह्यांनंतर. शेवटची छत्री आत पडली आणि मग टेम्पोचा भोंगा वाजला. भरलेला टेम्पो निघाला तसा तिने मांडीखालचा डावा हात काढला आणि टेबलावर असा हाणला की माझा चहा सांडला. हसली. जानेवारीपासून पहिल्यांदा हसली. मी मुद्दाम चष्मा पुसत बसलो, नाहीतर तिला कळलं असतं.

आणि पुढे ऐक. तिने स्वतः तुझ्या आईला फोन लावला. झटका, दवाखाना, हात, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि वर म्हणाली, "पण मी मैत्रीचा कारखाना पुरा केला, आता बघायला यायचं असेल तर या." तुझी आई रडायला लागली तर तिलाच दटावलं. दुपारी पूर्वाला सांगितलं, तर ती पोरगी नाचलीच. संध्याकाळी स्वतः बेसनाचा डबा काढायला गेली. मी म्हटलं मासवडी पुढच्या महिन्यात, तर म्हणे तुम्हाला काय कळतंय.

तुझे उपकार आहेत. नोंदींची फाइल सोबत जोडली आहे, पण आता तिचं काय काम!

सीताराम काका

खराडी
१८ मार्च

काका, काकू,

आईचा फोन आला, अर्धा तास नुसती काकूंबद्दल बोलत होती. मी आज ऑफिसात सगळ्यांना जिलबी वाटली. लोक विचारतात कशाची, मी म्हटलं काकूच्या छत्र्यांची.

आता एक सरप्राइज. गेमच्या पानावर 'पाचवी पातळी पार करणारे' अशी एक पाटी लावलीय आणि सगळ्यात वर नाव घातलंय, 'सुंदराबाई, वारजे, पुणे'. जगातून कोणीही गेम उघडला की आधी काकूंचं नाव दिसणार. काका, हा एवढा भाग फक्त तुम्हाला, काकूंना वाचून दाखवू नका : घड्याळाचं आपल्या दोघांत राहील. कोणाचं काय बिघडतंय?

मैत्री

वारजे
२५ मार्च

मैत्री,

बिघडलं.

पूर्वा मंगळवारी हौसेने आपला स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. तुझं पान उघडून काकूला तिचं नाव दाखवलं. काकू खूश. पूर्वा म्हणाली, "आजी, दाखवा ना करून, मी व्हिडिओ काढते." ही बसली, हात मांडीखाली. मी काही बोलायच्या आत सुरू केलं तिने. टेम्पो अर्धा भरला आणि गेला. पूर्वा म्हणाली, नेट स्लो असेल, पुन्हा करा. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला. मग हिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आपला लॅपटॉप आणा."

आपल्या लॅपटॉपवर तिने एकही यंत्र ठेवलं नाही. नुसता टेम्पो उभा करून भिंतीवरचं घड्याळ बघत बसली. स्क्रीनवर सहा मिनिटं झाली तेव्हा भिंतीवर बारा झाली होती. पट्ट्यावर आयुष्य काढलेल्या बाईला मी वेळेत फसवायला गेलो, माझ्यासारखा शहाणा मीच.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "हात सुधारतोय म्हणता, तेही असंच का? डॉक्टर खूश आहेत म्हणालात, तेही? मी चालते ते तरी खरं आहे का?" मला लगेच 'हो' म्हणता आलं नाही. कारण सगळंच खरं नव्हतं गं. डॉक्टर खूश आहेत असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. ते मीच म्हणत होतो.

तेव्हापासून माऊसला हात नाही. पूर्वाला दारातूनच परत पाठवते, आणि ती पोरगी स्पष्ट सांगून गेलीय की हे दोन-तीन महिनेच हाताचे खरे असतात, आता थांबलात तर हात असाच राहील. तो मांडीवर नुसता ठेवलेला असतो आणि ही खिडकीतून चांदणी चौकाकडची वाहनं बघत बसते.

मी तुझ्यावर रागावलोय. नाव कशाला टाकलंस? नाव नसतं तर पूर्वाने पानही उघडलं नसतं. नाही, तुझ्यावर कशाला रागावू, घड्याळ मीच मागितलं होतं. ती म्हणाली आहे, "माझ्या नावाची पाटी काढायला सांगा." तेवढं कर. बाकी काय करावं ते मला सुचत नाही.

सीताराम

खराडी
२६ मार्च

ती. सुंदरा काकू,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुम्हाला आहे, काकांना नाही. इतके दिवस तुमच्याबद्दल मी काकांशी बोलत होते, पलंगाशी बसून त्यांना विचारणाऱ्या त्या लोकांसारखीच. तुम्हाला सरळ विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

नावाची पाटी काढलीय. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, ती खोटी होती म्हणून.

आता खरं सांगते. काकांनी पाठवलेल्या फाइलमध्ये तुमच्या प्रत्येक डावाची नोंद आहे. घड्याळ हळू केल्यानंतरचे डाव मी खऱ्या वेळेत बसवून पाहिले. काल रात्रीपासून तेच करतेय. खऱ्या वेळेत तुमचा टेम्पो अर्धा भरतो. अर्ध्याच्या वर एकही छत्री नाही. तुम्ही पाचवी पातळी पार केलेली नाही. कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पण आधीच्या नोंदीही त्याच फाइलमध्ये आहेत, आणि त्यांना कोणी हात लावलेला नाही, कारण तेव्हा काकांनी मला काही सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तुमचा टेम्पो रिकामा गेला. एक छत्री नाही, शिवायच्या यंत्रापर्यंत कापडसुद्धा पोचलं नव्हतं. त्यानंतर दोन-तीन छत्र्या. मग टेम्पोचा तळ झाकला. आता अर्धा. त्यातलं थोडं श्रेय मोठ्या बटणांचं आहे, तेही सांगून टाकते, पण ती बटणं सगळ्यांनाच मिळालीत. तेव्हा हात सुधारतोय का, याचं उत्तर काकांकडे मागू नका, ते तुमच्यावर जीव टाकतात, त्यांना खरं बोलता येत नाही. माझ्याकडे मागा. हात सुधारतोय. तो अर्धा टेम्पो तुमचा आहे. उरलेला अर्धा मी आणि काकांनी गुपचूप भरला होता, तो मी काढून घेतेय.

सोबत मूळ खेळ पाठवलाय, खऱ्या घड्याळाचा. हा गेम इथे सोडायचा नाही असं मी ठरवलंय. जॅममध्ये कितवाही येवो, मी तो मोठा करणार, वीस पातळ्यांचा. त्यासाठी मला अशी एक व्यक्ती हवी, जी अडल्यावर अडलं म्हणेल आणि अंगठे दाखवणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे विचारत नाहीये. तुम्ही नाही म्हणालात तर मला खरोखर अडचण आहे.

तुमची,
मैत्री

वारजे
२ एप्रिल

चि. मैत्री,

तुझं पत्र मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं आणि तिच्या हातात दिलं. वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाली, माझे डोळे गेलेले नाहीत.

अर्धा टेम्पो वाचून तिचं तोंड असं झालं की मला वाटलं आता कागद फाडते. मी मनात तुला चार शिव्याही घातल्या. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मला म्हणाली, "हिला सांगता येतं. तुम्हाला का येत नाही?"

भीती वाटते म्हणून, असं म्हणालो. इतक्या वर्षांत हे वाक्य मीही पहिल्यांदाच बोललो असेन. मग ती म्हणाली, आता सगळं सांगा. सांगितलं. डॉक्टर खूश नाहीत, बघू म्हणतात. ती पाय ओढते. जिना उतरताना माझा जीव टांगणीला लागतो, म्हणून मी 'आज लिफ्टनेच जाऊ' म्हणतो आणि गुडघ्याचं कारण सांगतो, माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला वाटलं रडेल. म्हणाली, "मग रोज दोनदा जिना."

तुझी ती हळू घड्याळाची फाइल तिने माझ्याकडून तिच्यासमोर पुसून घेतली. पूर्वाला स्वतः फोन करून बोलावलं. आज सकाळी माऊस हातात घेतला. टेम्पो अर्ध्याहून कमी भरला, दहा-बारा दिवस वाया गेले ना. मी तसं तिला सांगितलं. अवघड आहे हे काम, पण शिकतोय.

सीताराम काका

वारजे
३० एप्रिल

मैत्री,
जयभीम.

हे मी उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय, दुपारी थोडं थोडं. ह्यांच्यासारखं विषय-संदर्भ मला जमत नाही.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. कालची पोर मला अर्धा टेम्पो म्हणते म्हणजे काय! मग तुझा खरा खेळ लावला. अर्धासुद्धा नव्हता. राग कुठे ठेवणार?

फॅक्टरीत एकदा मला टायफॉइड झाला होता. रजेवरून परत गेले तेव्हा हात मंद झाले होते. शेजारी राधा बसायची, ती माझ्या वाटचे निम्मे तुकडे गुपचूप आपल्याकडे ओढायची. चांगल्या मनाची बाई, मला कळूही दिलं नाही. मला वाटलं जमतंय. मग एक दिवस ती आली नाही आणि दुपारपर्यंत माझ्यासमोर ढीग झाला. संडासात जाऊन रडले. बाहेर आल्यावर सुपरवायझरला सांगितलं, राधाला दुसरीकडे बसवा, ढीग माझ्यासमोर राहू दे. मला दिसला पाहिजे. तो दिसल्याशिवाय हाताला कळत नाही की किती चालायचंय. राधा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर आम्ही डबे एकत्र खाल्ले, रिटायर होईपर्यंत नाही पण फॅक्टरी बंद होईपर्यंत. हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ह्यांना राधासारखंच वाटतं माझं, आता मी काय बोलू. चांगल्या मनाच्या माणसांपासून आजाऱ्याने सांभाळून राहावं.

तुझा खेळ एकोणिसावा आला म्हणून तू रडलीस, असं तुझी आई म्हणाली. रड, पण काम थांबवू नकोस. वीस पातळ्या म्हणालीस, तुझ्याकडून अजून सहावीही आलेली नाही. कुठे अडलं ते लिही म्हणालीस म्हणून लिहिते. शिवायच्या यंत्राचा आवाज डोकं उठवतो, तो त्या साईला जरा खाली करायला सांग. खऱ्या यंत्राचा एवढा नसतो. पट्टा वळवताना डावीकडे वळतो ते बरोबर, उजवीकडे वळताना एकदा जास्त दाबावं लागतं, ती तुझी चूक आहे, माझ्या हाताची नाही, मी पूर्वाकडूनही करून बघितलं. आणि चौथी पातळी फार सोपी आहे, लहान मुलांचा खेळ वाटतो.

जिना दोनदा होतो. उतरताना हे पुढे चालतात, मी पडले तर धरायला म्हणे. मी पडले तर दोघंही खाली जाऊ, पण त्यांना तेवढंच समाधान.

पाचवी अजून झाली नाही. परवा सगळ्या छत्र्या तयार झाल्या, टेम्पो भरत आला, शेवटची छत्री पट्ट्यावर होती आणि भोंगा वाजला. हे खुर्चीतून उठून स्क्रीनवर ओरडले, "अरे थांब, थांब, एक मिनिट!" मी म्हटलं, बसा खाली. तो थांबणार नाही आणि त्याने थांबायलाही नको.

एका छत्रीचंच राहिलंय. घड्याळाला हात लावशील तर याद राख.

सुंदरा काकू